मुलं ‘कुत्रं’ म्हणाली तेव्हा शेळी निम्मी झालीच होती

‘बाई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४४. गोष्ट सांगताना फळ्यावर चित्र काढलं की पोरं गुंगून जातात, म्हणून काढते. पण मला चित्र येत नाही. मागल्या आठवड्यात शेळी आणि लांडग्याची गोष्ट होती. शेळी काढली, तर सगळी एका सुरात ओरडली, “कुत्रं, कुत्रं!” शाळेत माझ्या वहीवर “हात चांगला नाही” असा शेरा पडला होता, तो खराच असावा. मोबाइलवर “पाच मिनिटांत हत्ती” असले व्हिडिओ बघून काढलं तर तेवढ्यापुरतं जमतं, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. मला हुबेहूब चित्र नको, पोरांनी ओळखलं म्हणजे झालं. ह्या वयात हात वळेल का? सुरुवात कुठून करू? आणि पोरांसमोर चित्र चुकलं तर पुसून टाकावं का?
— रांगोळी सोडून काहीच न येणारी एक ताई’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या पोरांचं कौतुक वाटलं. त्यांनी शेळीला कोंबडी म्हटलं नाही, टेबल म्हटलं नाही, कुत्रं म्हटलं. म्हणजे चार पायांचं, गावात हिंडणारं, एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला शेपूट असलेलं जनावर तुमच्या हातून फळ्यावर उतरलं होतं. राहिलं ते फक्त शेळीपण. आणि शेळीपण अंगभर पसरलेलं नसतं, चार-पाच जागांवरच असतं. तुमची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, म्हणून बाकीचं बोलण्याआधी शेळीच घेऊ.

तुमच्याकडे तर उस्मानाबादी शेळी दारोदार असेल. उद्या सकाळी तिच्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहा. कागद-पेन्सिल घेऊ नका. शेजारी एखादं कुत्रं असेल तर उत्तम, नसेल तर मनात उभं करा आणि दोघांना ताडून बघा. आधी शेपटी. शेळीची शेपटी आखूड आणि बहुतेक वेळ वर उचललेली; कुत्र्याची लांब. (मेंढीची खाली लोंबते. पुढं कधी मेंढी काढाल तेव्हा हा एवढा फरक उपयोगी पडेल.) मग पोट. कुत्र्याची छाती खोल आणि कंबर आत ओढलेली असते, पळणाऱ्याची असते तशी. शेळी पाला खाऊन रवंथ करणारी, तिचं पोट खाली फुगलेलं. तुम्ही पोटाची रेघ कंबरेकडे वर चढवली असणार, आणि माझा अंदाज आहे की मुलांना कुत्रं दिसलं ते तिथंच. मग डोकं: लोंबते कान, मागं झुकलेली शिंगं, हनुवटीखाली जमलं तर दाढीचा झुबका. शेवटी पाय. शेळीचे पाय काठीसारखे बारीक आणि खाली दुभंगलेला खूर. कुत्र्याचा पाय खाली पंजात रुंद होतो.

मागच्या पायाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. मागच्या पायाला मध्येच एक कोपरा दिसतो, मागं टोक असलेला. आपण त्याला गुडघा समजतो आणि ‘ह्याचा गुडघा उलटा कसा?’ म्हणून गोंधळतो. तो गुडघा नाही, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटालगत असतो आणि आपल्यासारखाच पुढं वाकतो. चवड्यावर उभ्या राहा आणि स्वतःची टाच जमिनीपासून उचललेली बघा. शेळी, गाय, कुत्रं, मांजर, घोडा सगळे तसेच कायम टाच उचलून उभे असतात. हे एकदा कळलं की ह्यांतल्या कुठल्याही जनावराचा मागचा पाय खांबासारखा सरळ काढवत नाही.

आता घरी तुमचं तेच कुत्रं पुन्हा काढा आणि त्यावरच काम करा. नवं चित्र नको. शेपटी पुसून आखूड आणि वर उचललेली करा. कंबर खाली फुगवा. कान लोंबवा, शिंगं मागं न्या, दाढी लावा. बाकी सगळं तसंच राहू द्या. मग पोरांना दाखवून बघा, काय म्हणतात.

ओळखू येणारं चित्र आणि सुंदर चित्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला पहिली हवी आहे. पहिलीसाठी हात फार लागत नाही. ती वस्तू कशानं ओळखू येते, ह्याचं उत्तर रेघ ओढण्याआधी आपल्याजवळ असावं लागतं. ते उत्तर नसलं की आपण रेघांवर रेघा वाढवत जातो, मग छटा देतो, केस काढतो, गवत काढतो, आणि शेळी कुत्र्याची कुत्रीच राहते. गाय काढायची तर वशिंड आणि गळ्याखालची पोळी, म्हणजे ती लोंबती कातडी, काढा. म्हशीला दोन्ही नाहीत, तिची शिंगं मागं वळतात आणि पाठ सपाट. चिमणी गोल, आखूड जाड चोचीची. कावळा लांबट आणि चोच दणकट. प्रत्येकाबाबत हा एकच प्रश्न: हे कशानं ओळखू येतं?

आता तुमच्या हाताबद्दल. पत्राखाली सही करताना तुम्ही ‘रांगोळी सोडून’ असं लिहिलंत. ती सोडायची कशी? चैत्रात अंगणात चैत्रांगण काढलं असेल ना कधी? सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, पाळणा, आरसा, फणी, करंडा, शंख, नाग, हत्ती, गाईची पावलं; चिमटीतून पांढरी रेघ सोडत जमिनीवर काढलेल्या घरातल्याच वस्तू, आणि एकाही वस्तूखाली नाव लिहावं लागत नाही. फणी म्हणजे एक आडवी पट्टी आणि तिला दाते. पाळणा म्हणजे वर एक बिंदू, तिथून दोन दोऱ्या आणि खाली होडीसारखा वाक. छटा नाही, खोली नाही, खोडरबर तर नाहीच. ज्या हातानं जमिनीवर वाकून न थांबता नाग काढला, त्या हाताला खडूची भीती घालण्याचं कारण नाही.

त्या शेऱ्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मी ३४ वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही हातून ह्याच जातीची चूक झाली. मुलांच्या हातातली पेन्सिल घेऊन मी त्यांची वाकडी रेघ सरळ करून द्यायचे. चित्र माझं व्हायचं आणि मूल होतं तिथंच राहायचं. एकदा सातवीतल्या एका मुलीनं दोन्ही हात वहीवर पसरून चित्र झाकलं. माझी पेन्सिल पोचू नये म्हणून. त्यानंतर मी मुलांच्या चित्राला पेन्सिल लावली नाही. मुलाशेजारी बसायचं आणि विचारायचं, ‘ह्या किटलीची तोटी कुठून निघते गं? वरून की मधून?’ मूल पुन्हा किटलीकडं बघायचं आणि स्वतःच दुरुस्त करायचं. तुमच्या वहीवर शेरा मारणाऱ्यांनी हात तपासला. डोळ्यानं काय शोधायचं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

व्हिडिओचं कोडंही इथंच सुटतं. व्हिडिओ तुम्हाला रेघांचा क्रम शिकवतो: आधी गोल, मग त्याला वक्र, मग सोंड. क्रम विसरला की हत्ती गेला. लहानपणी २ च्या आकड्यावरून बदक काढायला आपण सगळे शिकलो. त्यानं एक बदक येतं, त्याच बाजूला तोंड केलेलं, आणि जन्मभर तेवढंच येतं. बघू नका असं म्हणत नाही. पण बघितल्यावर मोबाइल बाजूला ठेवून स्वतःला विचारा, ‘ह्यानं काय काढलं म्हणून मला हत्ती दिसला?’ सुपासारखे कान, सोंड, खांबासारखे जाड पाय. हे तीन शब्द दुसऱ्या दिवशीही आठवतात.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे बाजू. वस्तू कुठल्या बाजूनं काढायची हे ठरवण्यात निम्मं यश असतं, आणि ह्याचे उत्तम नमुने तुम्ही अनेकदा बघितलेत: मतदान यंत्रावरची चिन्हं. कपबशी, शिट्टी, शिवणयंत्र, छताचा पंखा, शिडी, गॅस सिलिंडर. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. नाव वाचता न येणाऱ्या माणसाला आपला उमेदवार ओळखता यावा म्हणून चिन्हं आली. त्यांतली पुष्कळशी चित्रं निवडणूक आयोगातले ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीनं काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले, पण त्यांच्या हातची चित्रं पुढंही वापरात राहिली. एवढंसं चित्र, रंग नाही, आणि चुकीचं ओळखलं गेलं तर मतच दुसऱ्याला जाणार. तिथं कलाकुसरीला जागा नव्हती, ओळख पटणं हेच सगळं होतं.

ती चिन्हं पुन्हा नीट बघा. कपबशी समोरून थोडी वरून दिसते, त्यामुळं कपाचं तोंडही कळतं आणि कानही. तीच बरोब्बर डोक्यावरून काढली तर नुसती दोन वर्तुळं आणि एक टेंगूळ. पंखा खालून, आपण गादीवर पडून बघतो तसा. कात्री आडवी आणि उघडलेली. ज्या बाजूनं वस्तू स्वतःची ओळख सांगते ती बाजू. म्हणून शेळी, गाय, मासा, सायकल, कोंबडा कडेनं काढा. पाल, खेकडा, कोळी वरून काढा. घुबड समोरून, त्याचे ते दोन गोल डोळे दिसले पाहिजेत. छत्री उघडलेली आणि कडेनं, मूठ वळलेली. सुरुवातीला समोरून येणारी गाय काढायला जाऊ नका. ती मुरलेल्यांनाही घाम फोडते.

आता एक वस्तू नीट काढायला शिकू, तांब्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय चित्रकला परीक्षांतल्या वस्तुचित्राच्या पेपरनं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना भांडी काढायला लावली, त्यामागं कारण आहे. तांब्यात जे कळतं ते पातेलं, बादली, माठ, पेला, विहीर, चूल, बैलगाडीचं चाक सगळीकडे चालतं.

तुमच्या हातातून एक बांगडी काढून घ्या. ती डोळ्यांच्या समोर आडवी धरा. नुसती एक रेघ दिसेल. आता हळूहळू खाली न्या. रेघ उघडत जाईल, आधी चपटा लंबगोल, मग अधिकाधिक गोल. तांब्याचं तोंड म्हणजे वरची बांगडी, बूड म्हणजे खालची बांगडी. बूड डोळ्यांपासून जास्त खाली, म्हणून तिथला वाक तोंडाच्या वाकापेक्षा जास्त गोल. आपण काय करतो? तोंड लंबगोल काढतो आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ, कारण तांब्या सपाट जमिनीवर बसतो हे आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असलेलं काढलं आणि दिसलेलं सोडलं! मग तांब्या कापून ठेवल्यासारखा दिसतो. बुडाला थोडा वाक द्या, लगेच जमिनीवर बसेल. आणि लंबगोलाची दोन्ही टोकं गोलसर ठेवा. बदामासारखी टोकदार करू नका.

तांब्याच्या दोन बाजू सारख्या याव्यात म्हणून आधी मधोमध एक फिकट उभी रेघ ओढा, ठिपक्यांच्या रांगोळीत मधली ओळ धरतो तशी. उंची किती आणि रुंदी किती हे हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर मोजा: तोंड पोटाच्या निम्मं आहे की जास्त? आणि कान असलेली वस्तू असेल, कप किंवा जग, तर कान आणि अंग ह्यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार बघा. कान काढू नका, ते भोक काढा. हे सांगितल्यावर मुलं माझ्याकडं अविश्वासानं बघायची, आणि कान हमखास बरोबर यायचा. शेळीच्या पोटाखाली चार पायांच्या मधली जागाही अशीच बघायची.

सरावाचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं, आणि आठवडाभर एकच वस्तू. सात दिवस शेळी. पुढचे सात दिवस तांब्या. रोज नवी वस्तू घेतली की प्रत्येकीशी तोंडओळख होते आणि कुठलीच घरची होत नाही. मागची पानं कोरी असलेली जुनी वही चालेल, साधा बॉलपेन चालेल. उलट पेनच बरा, म्हणजे खोडायचा मोह होत नाही. महागड्या पेन्सिलींचा डबा आत्ता घेऊ नका.

सराव असा करा: वस्तूकडं वीस आकडे मोजेपर्यंत बघा, मग पाठ फिरवा आणि आठवून काढा. काढून झालं की वळून ताडून बघा. जे चुकलं ते पुढच्या वेळी डोळा आपोआप शोधतो. तुम्हाला फळ्यावर, चाळीस डोळ्यांसमोर, कुठलीही शेळी समोर नसताना काढायचंय. म्हणून नुसतं बघून काढण्यापेक्षा हे तुमच्या जास्त उपयोगाचं. स्मरणचित्र, म्हणजे आठवून काढलेलं चित्र, हा त्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमधला स्वतंत्र पेपरच आहे. आणखी एक सोपी परीक्षा घरी घ्या. काढलेलं चित्र आतून सगळं काळं भरून टाका, डोळा नाही, ठिपके नाहीत, नुसती सावली. घरच्या कुणाला तरी विचारा, हे काय? सावली ओळखली तर चित्र पक्कं झालं. नाही ओळखली तर चूक बाहेरच्या रेघेत आहे, आत कितीही नटवलं तरी ती झाकणार नाही.

माणसं तुम्हाला लवकरच लागतील, गोष्टीत म्हातारी असतेच. त्यासाठी वारली चित्रांकडे वळा. डोकं म्हणजे गोल, अंग म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, हातपाय म्हणजे रेघा, बाईला मागं अंबाडा. ह्या परंपरेला जगासमोर नेणारे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) एवढ्याच सामग्रीवर पेरणी, मासेमारी, तारप्याचा नाच सगळं उभं करत. युक्ती त्या दोन त्रिकोणांच्या सांध्यात आहे: वरचा त्रिकोण किती झुकतो त्यावरून माणूस कांडतोय, पेरतोय की नाचतोय हे कळतं. चेहरा लागतच नाही. म्हातारीचा वरचा त्रिकोण पुढं झुकवा, हातात काठी द्या, झालं. आणि मूल काढाल तेव्हा मोठ्या माणसाला आखूड करून काढू नका. मोठ्या माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या सुमारे साडेसातपट असते, तुमच्या अंगणवाडीतल्या मुलांची पाचपटीच्या आसपास. म्हणजे मुलाचं डोकं मोठं हवं. कधी चेहरा काढलात तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात. आपण ते कपाळात नेऊन बसवतो.

फळ्यावर खडू चालवताना मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवा. लंबगोल काढण्याआधी हवेत दोन-तीन वेळा हात फिरवून घ्या आणि त्याच झोकात खडू टेकवा. चित्र मोठं काढा. भीती वाटली की चित्र लहान होतं आणि मागच्या पोरांना दिसत नाही. खडूचं टोक पाण्यात बुडवून ओढलेली रेघ वाळल्यावर ठसठशीत उमटते, शेळीची बाहेरची रेघ तशी काढून बघा. आणि मध्येच चार पावलं मागं जाऊन बघा, अगदी मुलांच्या उंचीवर बसून.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पोरांसमोर चुकलं तर पुसू नका. त्याच्या शेजारी दुसरं काढा, आणि ह्या वेळी ‘ही काय आहे?’ असं विचारू नका. ‘मला शेळी काढायचीय, हिला काय राहिलं?’ असं विचारा. तुमची पोरं दिवसभर शेळ्यांच्या मागं असतात, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा शेळी जास्त ठाऊक. एक म्हणेल शेपूट छोटं कर, एक म्हणेल ताई दाढी, एखादं म्हणेल आमच्या शेळीच्या कानावर पांढरं आहे. ते सांगतील तसं काढत जा. ‘पोट’ कुणी सांगितलं नाही, तर ते तुम्ही सांगा. मग खडू एकेकाच्या हातात द्या आणि खालच्या बाजूला ज्याला जशी येईल तशी शेळी काढू द्या. तुमची वर राहू दे, त्यांची खाली, पायांपाशी.

पुढच्या पत्रात फळ्याचा फोटो पाठवा. कुत्रं पुसलं नसेल तर तेही त्यात येऊ द्या.

तुमची,
चित्रकलेच्या बाई